देवीदासची जीप

बाररूममध्ये चहा आला, बशांचा आवाज झाला, आणि कुणीतरी विचारलं, "मंग उद्धवराव, कोन्ती घेतली गाडी?" उद्धवनं तोंड उघडायच्या आत टेबलाभोवतीची सगळी मंडळी हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. अमरावतीच्या वकिलांना कुणाची तरी थट्टा केल्याशिवाय चहा गोड लागत नाही, आणि दिवाळीपासून ती पाळी उद्धवची होती. पण आज काय झालं कोण जाणे, ते हसू त्याच्या अंगावर आलं. 'एकदा अकोल्याला जाऊन येतो, मग ठरवतो,' हे उत्तर त्यानं जिभेवर तयार ठेवलं होतं. ते तिथंच राहिलं, कारण त्याला एकदम कळलं की मंडळी त्या उत्तरालाच हसली होती, ते ऐकायच्या आधी. सगळ्यांना ते पाठ झालं होतं. हातातली बशी कलली आणि चहा काळ्या कोटाच्या बाहीवर सांडला. डाग पुसता पुसता त्याच्या मनात आलं, गाडीचं हसू येतंय तोवर बरं आहे. गाडीमागचं कळलं तर हे लोक हसणार नाहीत, आणि त्यांचं ते न हसणं आपल्याला सोसणार नाही.

गाडी हवी होती ती आईला रिद्धपूरला नेऊन सोडायला. दर्शनाला नव्हे, कायमचं. उद्धवचे वडील गेले त्या वर्षीच सुभद्राबाईंनी मठातल्या महंतांना शब्द दिला होता की मी अनुसरणार. महानुभावांत अनुसरणं म्हणजे घर सोडणं: केस, रंगीत लुगडं, नातवंडं, भांडीकुंडी सगळं मागं ठेवून मठात जाऊन राहायचं, भिक्षेचं खायचं आणि नामस्मरण करायचं. मग मुलगा भेटायला आला तरी तो इतर दहाजणांतला एक. दुरून दंडवत घालायचा आणि परत फिरायचं. शब्द दिल्यावर वर्ष गेलं, दुसरं गेलं. दिवाळीनंतर एक दिवस जेवताना सुभद्राबाई सहज म्हणाल्या, "आता जावं म्हन्ते बापा." उद्धवचा घास हातातच राहिला. घाईघाईनं तो म्हणाला, "माय, सर्व्हिस मोटारीच्या गर्दीत तुही कंबर मोडन. थांब थोडी. आपन गाडी घेऊ, मीच नेऊन सोडतो तुले." कोर्टात शुद्ध बोलणारा उद्धव घरात आईशी असा बोले. सुभद्राबाई क्षणभर त्याच्याकडं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं." झालं. हरणाऱ्या पक्षाचा वकील पुढची तारीख मागतो तशी त्यानं तारीख मागितली होती आणि ती मिळाली होती. मग तो गाड्या पाहायला लागला.

पाहण्यासारख्या दोनच होत्या, दोन्ही पेट्रोलच्या. पहिली इथलीच, देवीदास ठेकेदाराची जीप. देवीदासचा धंदा धारणीकडं, जंगलातल्या लाकडाचा, आणि धारणीच्या रस्त्यांनी त्या जीपचा जीव काढला होता. महायुद्धानंतर फौजेनं विकून टाकलेल्यांपैकी ती. स्टिअरिंग डाव्या हाताला, वर कापडी टप, आणि हिरवा रंग उडाला तिथं खालचा पांढरा तारा अजून दिसायचा. चढ लागला की ती खोकायची, ऊन चढलं की रेडिएटरमधलं पाणी उकळायचं, आणि मग ती बसायची. कुठं बसेल याचा नेम नव्हता. पाण्याचा डबा घेतल्याशिवाय देवीदास तिच्यात पाऊल ठेवत नसे. दुसरी अकोल्याला, जठारपेठेत भगवंतरावांची. भगवंतराव म्हणजे जिनिंग कारखान्याचे जुने मॅनेजर, आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. त्यांची गाडी होती जीपच्याच जातीची, पण लांब, पत्र्याच्या बंद टपाची, मागं सहा माणसं ऐसपैस बसतील अशी. तिच्यावर खादीची चादर घातलेली असे. सुरू केली की चालू आहे की नाही हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागे. शहाण्या माणसाला यातली कोणती घ्यावी हे ठरवायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता. उद्धवला कापसाच्या पहिल्या वेचणीपासून हरभऱ्याला घाटे धरेपर्यंतचा वेळ लागला, आणि तरी ठरलं नव्हतं.

भगवंतराव दर वेळी आपल्या हातानं चादर काढत आणि तिची नीट घडी करत. पेट्रोल कोणती किती पिते, स्प्रिंगा कशाच्या, पायदान जमिनीपासून किती उंच, हे उद्धव पुन्हा पुन्हा विचारी आणि म्हातारा न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगे. गेल्या खेपेला मात्र घडी करता करता त्यांनी विचारलं, "राग नका मानू वकीलसाहेब, पन गाडीत खोट नाही, तुमच्यातबी खोट दिसत नाही. मंग अडून काय राहिलं? कोनासाठी घेऊन राहिले गाडी?" उद्धव म्हणाला, "आईला रिद्धपूरला न्यायचंय." "दर्शनाले?" "नाही," उद्धव म्हणाला, "ठेवायला." तो शब्द बाहेर पडला आणि त्याचा त्यालाच खटकला. घरातलं जुनं कपाट कुणाकडं तरी ठेवायला द्यावं तसं तो बोलला होता. भगवंतरावांना महानुभावांची रीत माहीत होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि चादर पुन्हा गाडीवर पसरली. परतीच्या आगगाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत उद्धव खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसला होता. ठेवायला, ठेवायला, असं रूळ म्हणत होते, आणि त्याला आपल्या बुद्धीची, डिग्रीची, कोर्टातल्या नावाची लाज वाटत होती. एवढा मोठा माणूस, दोन शब्द बोलता येत नाहीत.

ते दोन शब्द म्हणजे 'जाऊ नको'. बाकी काही लागणार नव्हतं. पण ते दोन शब्द त्यांच्या घरात कुणी बोलत नसे. अनुसरायचं ठरवलेल्याला 'नको' म्हणणं म्हणजे त्याच्या वाटेत आडवं पडणं. त्याचं पाप म्हणणाऱ्याला लागतं आणि जाणाऱ्याचंही पुण्य त्यात मोडतं. उद्धवला हे कुणी पोथीतून शिकवलं नव्हतं, गालावर शिकवलं होतं. तो लहान असताना त्याची जमुनाआत्या अशीच रिद्धपूरला गेली. दारात दमणी उभी होती, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांना त्या दिवशी मुद्दाम फडकं बांधलं होतं, आणि अंगणात सगळं गाव गप्प उभं होतं. आत्या दमणीत चढायला लागली तेव्हा उद्धवनं तिचं लुगडं धरलं आणि ओरडला, "जाऊ नको आत्या." आत्या थांबली. खरंच थांबली, एक पाय चाकाच्या आऱ्यावर आणि एक खाली. तेवढ्यात आईची चापट आली. त्याआधी आईनं त्याला कधी मारलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. "जानाऱ्याले आडवं येऊ नाई," आई म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की तीच रडतेय असं वाटावं. आत्यानं पाय वर घेतला. चापटीपेक्षा उद्धवला तो चाकावरचा पाय जास्त आठवे. पोटऱ्या कोर्टात उभं राहून दुखू लागल्या की आठवे, जठारपेठेतल्या गाडीचं पायदान हातानं मापताना आठवे. तिला थांबायचं होतं का? हे विचारायला आता आत्या नव्हती, आणि आईला विचारणं शक्य नव्हतं.

घरी आल्यावर सुभद्राबाई विचारत, "कशी वाटली?" हात पाय धुऊन होईपर्यंत त्यांना दम नसे. उद्धव सांगे, बरी आहे, बंद टपाची आहे, वारा लागणार नाही. त्या जरा विचार करत आणि म्हणत, "बंद गाडीत मले मळमळते बाप्पा. पाहून घे." पुढच्या वेळी तो म्हणे, देवीदासची उघडी आहे. मग त्या म्हणत, "पन तिचं पायदान उंच असन तं माह्यानं चढनं होत नाही. काही घाई नाही, नीट पाहून घे." उद्धवला वाटे, म्हातारीला जायची केवढी ओढ आहे, गाडीचं एकेक अंग विचारून घेते. त्याला तिचा थोडा रागही येई. नातवाच्या डोक्याला तेल लावता लावता ही बाई कशी काय सोडून जायच्या गाडीची चौकशी करू शकते? कुंदा, त्याची बायको, आर्वीकडची. तिच्या माहेरी हा पंथ नव्हता. एकदा ओट्यावर भाजी निवडताना ती हळूच म्हणाली, "अहो, आईंना जायचंच नसेल तर?" उद्धव तिच्यावर एवढ्यानं खेकसला की तिच्या हातातली जुडी खाली पडली. "शब्द दिलाय त्यांनी महंतांना," तो म्हणाला. "असं बोलू नये." आणि बोलून झाल्यावर आपोआप त्याचा हात आपल्या गालाकडं गेला.

पण तारखांनाही शेवट असतो. माघ सरताना देवीदासनं निरोप पाठवला की परतवाड्याचं एक गिऱ्हाईक जीपसाठी अडून बसलंय, हो की नाही ते सांगा. त्याच आठवड्यात भगवंतरावांचा निरोप आला: पुतण्याच्या सोयरिकीसाठी रविवारी अमरावतीला येतोय, त्यालाच चालवायला लावून गाडी घेऊन येतो, आता मातोश्रींनाच बसवून पाहा. अशा रीतीनं त्या रविवारी सकाळी उद्धवच्या दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. शेजारपाजारच्या बायका ओसऱ्यांवर आल्या. सुभद्राबाई डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आल्या, नातवाचा हात धरून, आणि आधी भगवंतरावांच्या गाडीत बसल्या. दार मऊ आवाज करून लागलं. गाडी राजापेठेपर्यंत जाऊन आली. खाली उतरल्यावर सुभद्राबाईंच्या कपाळाची एक शीरही हलली नव्हती. मग देवीदासच्या जीपला त्यांनी हात लावला, उंच पायदानाकडं पाहिलं, आणि कुणी सांगायच्या आत वर चढून बसल्या. देवीदासनं किल्ली फिरवली. जीप खोकली, थरथरली, पेट्रोलचा भपका आला, आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा दोघातिघांनी ढकलली तेव्हा ती कशीबशी चौकापर्यंत गेली आणि वळून येताना दारासमोरच बसली. रेडिएटरवरून वाफ निघत होती. देवीदास शरमिंदा झाला. "ऊन लागते तिले," एवढंच तो म्हणाला.

"कोन्ती घ्यायची, माय?" उद्धवनं विचारलं. त्याला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. सुभद्राबाई अजून जीपमध्येच बसल्या होत्या. समोरच्या लोखंडी कांबीवर त्यांनी हात ठेवला होता आणि वाफेकडं पाहत होत्या. "हेच घे," त्या म्हणाल्या. "मले हेच बरी वाटते." भगवंतराव, एरवी इतके सभ्य, चकित होऊन म्हणाले, "मायबाई, हे तं आत्ताच बसली ना." "बसू द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "उघडी आहे, हवा लागते." शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या, म्हातारीला गाडीतलं काय कळतं. उद्धवनं नाही म्हणायला हवं होतं. सगळे त्याच्याकडं पाहत होते, की एवढे महिने तुलना करणारा हा वकील आता आईला समजावेल. पण त्याच्या आत काहीतरी हलकं झालं होतं, इतकं हलकं की त्याला भीती वाटली ते तोंडावर दिसेल. ही गाडी रिद्धपूरला पोचणार नव्हती. माहुलीच्या पुढं कच्चा रस्ता लागतो, तिथं ऊन, धूळ आणि चढ. ती तिथं बसेल. आणि निघालेला माणूस वाटेत अडला तर ते कुणाचं पाप नाही. ती परमेश्वराची इच्छा, असं महंतसुद्धा म्हणतील. मग परत यायचं. मग पुन्हा कधीतरी पाहू. "आईला आवडली ना," तो भगवंतरावांना म्हणाला, "मग झालं." भगवंतरावांनी गाडीवरची धूळ रुमालानं पुसली आणि निघून गेले. त्यांचा अपमान झाला होता, आणि उद्धवला त्याचं वाईट वाटायलाही सवड नव्हती.

जायचा दिवस महंतांनी कळवला तो उन्हाळ्याच्या तोंडाचा निघाला. सुभद्राबाईंनी कुणालाही बरोबर येऊ दिलं नाही. "लग्नाची वरात नाही," त्या म्हणाल्या, "उद्धव सोडून देईन." नातू शाळेत गेल्यावर निघायचं, हेही त्यांनीच ठरवलं. कुंदा दारात उभी राहून पायांकडं पाहत होती. पाण्याचा डबा तिनं भरून ओसरीवर ठेवला होता; उद्धवनं तो तिथंच राहू दिला. विसरलो, असं तो नंतर म्हणणार होता. इतक्यात देवीदास सायकलवरून आला, उन्हानं लाल झालेला, आणि उद्धवच्या हातात हात घालून हसला. "आता बिनघोर जा वकीलसाहेब. काल तुम्ही कोर्टात होते तवा मिस्त्री आनून सारं काम करून घेतलं म्या. नवा पाइप टाकला, पानी चढवनारा पंप बदलला, कार्बोरेटर साफ केला. माय बसली असताना गाडी बंद पडली, अन् तेबी अशा कामाची गाडी. देवाच्या वाटेवर गाडी बसली तं नरकात जाईन मी. आता नाही बसत, बेफिकीर राहा." उद्धव त्याला काय म्हणाला ते उद्धवला कळलं नाही. आभार मानले असावेत, कारण देवीदासनं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि सुभद्राबाईंना वाकून दंडवत घातला. मग त्यांनी कांबीला धरून पाय पायदानावर ठेवला, आणि एक पाय वर, एक पाय खाली अशा थोड्या थांबल्या. दम लागला असेल, असं उद्धवनं मनाला सांगितलं आणि दुसरीकडं पाहिलं.

तरी गाडी ती गाडीच, असं तो स्वतःला समजावत राहिला. एवढ्या वर्षांची खोड एका मिस्त्रीनं जाते होय? शहराच्या नाक्यावर त्यानं कान दिला, आवाज साफ होता. नांदगावपेठ मागं पडलं. तो मुद्दाम वरच्या गिअरात चढ चढला, खालच्या गिअरात सपाटीवर पळवली, नवशिका माणूस करतो ते सगळं केलं; इंजिन जरा कुरकुरलं आणि पुन्हा आपल्या सुरावर आलं. शेतं रिकामी होती, कापसाच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. वारा गरम लागत होता आणि गरम वाऱ्याची त्याला आशा वाटत होती. स्टिअरिंग डाव्या बाजूला, त्यामुळं आई त्याच्या उजव्या हाताला बसली होती. लहानपणी ती त्याला झोपताना ज्या बाजूला घ्यायची ती हीच बाजू, हे त्याला आत्ता आठवायचं काही कारण नव्हतं. माहुली आली, गेली. कच्चा रस्ता सुरू झाला आणि गाडी खड्ड्यांतून हबके देत चालली, पण थांबली नाही. "पान्याचा डबा नाही आनला?" मध्येच सुभद्राबाईंनी विचारलं. "विसरलो," उद्धव म्हणाला. पुढं जाऊन पुन्हा एकदा म्हणाल्या, "ऊन फार हाये नाही?" "हो," तो म्हणाला. दोघंही बॉनेटकडं पाहत होते. बॉनेटवरून वाफ निघत नव्हती. एका ओढ्यात, जिथं खेड्यातल्या बैलगाड्यासुद्धा रुततात, चाकं क्षणभर जागच्या जागी फिरली. उद्धवनं श्वास धरला, आणि जीप दगडावर चढून पलीकडं गेली.

मग झाडांवरून मठाचा शेंदरी धुरकट कळस दिसला. जवळ येता येता भिंत, दार, दारासमोरचं निंबाचं झाड. उद्धवनं झाडाखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. एवढं शांत झालं की लांबच्या विहिरीवरच्या रहाटाचा आवाज यायला लागला. सुभद्राबाई उतरल्या नाहीत. त्यांचा हात अजून कांबीवर होता. बांगड्या त्यांनी नवरा गेला तेव्हाच काढल्या होत्या, आणि त्या जागी मनगट पांढुरकं होतं.

"गाडी चांगली निघाली रे," त्या म्हणाल्या.

"हो माय."

"मले वाटलं होतं," त्या समोर पाहतच म्हणाल्या, "बसन कुठंतरी रस्त्यात."

उद्धवनं मान वळवली. आईचा चेहरा त्यानं मोठा झाल्यापासून इतक्या जवळून पाहिला नव्हता. मळमळ, उंच पायदान, नीट पाहून घे, हेच घे, सगळं त्याच्या डोक्यात एकामागून एक येऊन उभं राहिलं, आणि जमुनाआत्याचा चाकावरचा पायही. ते दोन शब्द त्याच्या तोंडात आले. खरोखर आले, जिभेला त्यांचं वजन लागलं. आईही वाट पाहत होती, हे त्याला आता दिसत होतं. हे न दिसायला आंधळाच माणूस हवा होता. पण गाल जळायला लागला. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या एका चापटीनं गाल जळत होता, आणि जिनं ती मारली होती ती शेजारी बसून ती पुसली जाण्याची वाट पाहत होती. त्यानं तोंड उघडलं. "माय, उतरताना जपून," तो म्हणाला. "पायदान उंच हाये."

मठातून एक बाई बाहेर आल्या, दंडवत म्हणाल्या आणि सुभद्राबाईंचं गाठोडं उचललं. उद्धवनं हात दिला. आईनं तो धरला, खाली उतरली, आणि हात सोडायला तिला थोडा वेळ लागला. मग ती दारातून आत गेली. वळून पाहायचं नसतं, तिनं पाहिलं नाही.

तो जीपमध्ये येऊन बसला. उजव्या बाजूच्या सीटवर थोडी धूळ होती आणि मध्ये बसल्याची स्वच्छ जागा. ती जीप आता तरी सुरू होऊ नये, निदान आता तरी तिनं खोकावं, असं त्याला फार वाटलं. त्यानं किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यालाच ती सुरू झाली. त्यानं बंद केली, थोडा वेळ थांबला आणि पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा सुरू झाली.